सहा तासांत चार लिटर

"फळी उणे दोनशे बहात्तर सेंटीमीटर आली," बाबा म्हणाले.

मी जेवणानंतरची भांडी पुसत होते. हातातली बशी पुसून झाली होती, तरी मी ती पुसत राहिले.

"उणे?"

"उणे. तीनदा करून बघितलं. आता उणे फळी कुठल्या लाकडाची काढतात ते तूच सांग. तीस वर्षांत अजून कोणी मागितली नाही."

बाबा जिने बनवतात. लाकडी जिने, दुसऱ्यांच्या घरांसाठी. आम्ही स्वतः तळमजल्यावर राहतो, त्यामुळे आमच्या घरात एकही पायरी नाही. कारखान्यात त्यांना सगळे 'जिनेवाले' म्हणतात, जणू बाकीचे तिथं विमानं बनवतात. त्यांनी टेबलावर कागद पसरला होता. मजल्याची उंची दोनशे सत्तर, जिन्याचा चढ छत्तीस अंश. या दोन आकड्यांवरून बाजूची तिरकी फळी किती लांब कापायची ते काढायचं होतं. कागदाशेजारी माझा कॅल्क्युलेटर होता. बाबा त्याला यंत्र म्हणतात.

"तुझं यंत्र बिघडलंय बहुतेक."

ते बिघडलं नव्हतं. काय झालंय ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि बाबांना ते कळता कामा नये हेही. दोन महिने मी तेवढी एकच गोष्ट सांभाळत होते.

"द्या इकडे." मी ओले हात कपड्यांना पुसले आणि दोन बटणं दाबली. "हं, आता करा."

बाबांनी पुन्हा आकडे घातले. एका बोटानं, प्रत्येक आकड्याआधी चष्मा वर करून. चारशे एकोणसाठ आलं.

"हे बरोबर," ते म्हणाले. "काय केलंस?"

"काही नाही. अडकलं होतं."

"अडकलेली वस्तू अशी दोन बोटांत सुटत नाही." त्यांनी यंत्र उचलून डोळ्यांजवळ नेलं. "हे बटण मला माहितीय. मुकादमानं शिकवलं होतं. मी त्या रविवारी अंशांवर करून ठेवलं होतं. त्यानंतर नव्या मापाचा जिना आजच आला. परत कोणी फिरवलं?"

"मला काय माहीत! फिरलं असेल आपोआप."

"आपोआप काही फिरत नाही, बाळा."

त्यांनी पेन्सिलीनं चारशे एकोणसाठ लिहिलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. नंतर काही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. आठ महिन्यांत आम्ही त्यात पटाईत झालो होतो.

आता हे मुळापासून सांगायला हवं.

आमच्या हायस्कूलमध्ये सकाळी सात वाजता, शाळेची घंटा व्हायच्या आधी, एक वर्ग भरायचा. त्यात आम्ही नऊ जणं होतो. शिकायचं ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस. वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा आणि निकाल म्हणून पाचपैकी एकच आकडा. दुसऱ्या शहरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजनं मला जागा दिली होती ती एका अटीवर, आकडा चार किंवा पाच हवा. माझ्या आत्याला यातलं काहीच पटत नव्हतं. "कॉलेजचं गणित कॉलेजात करावं माणसानं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" असं ती दर भेटीत म्हणायची. आई हसायची आणि म्हणायची, "करू दे गं. पुढचं आधी केलं म्हणून कोणाचं काय बिघडलं?"

आई सहामाही परीक्षेच्या सुमारास गेली. अकरा दिवस हॉस्पिटलात होती, बाराव्या दिवशी नव्हती. ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी सातच्या वर्गाला जाऊन बसले. बाईंनी फळ्यावर सहा उदाहरणं घातली होती आणि माझी सहाच्या सहा बरोबर आली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी चुकलंय, म्हणून मी पुन्हा तपासली. काही चुकलं नव्हतं.

सगळे माझ्या रडण्याची वाट बघत होते. आत्या तर समोर बसून बघत होती, दूध उतू जायची वाट बघावी तशी. मला रडू आलं नाही. आत्या बाबांना स्वयंपाकघरात म्हणाली, "पोरगी दगड झालीय हो." मला राग आला नाही. मला ते निरीक्षण बरोबर वाटलं. ब्रेड कागदासारखा लागायचा, कागद मात्र चांगला वाटायचा. कॅल्क्युलसमध्ये तुम्हाला काय वाटतं हे कोणी विचारत नाही. बदलाचा दर काढा म्हणतात, तो काढायचा. मी तो काढत होते, सकाळी, संध्याकाळी आणि बसमध्येसुद्धा. वर्गात मी पहिली होते. त्याचाही मला आनंद झाला नाही.

बाबांचं काय चाललं होतं ते मी बघितलं नाही. खरं तर बघायला हवं होतं.

कारण बाबांचे सगळे आकडे आई काढून द्यायची. ती शिवणक्लासमध्ये कपडे बेतायला शिकवायची आणि आकडे तिच्या बोटांवर असायचे. रविवारी चहा झाला की बाबा सांगायचे, "उंची इतकी, चढ इतका," आणि आई कोष्टकांचं जुनं पुस्तक उघडून, पेन्सिल केसांत खोचून, लांबी सांगायची. साधे जिने बाबा नुसत्या गुण्यानं, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीनं, आणि नजरेनं करतात, पण कारखान्यात आता फळ्या मशीन कापतं आणि मशीनला आकडा लागतो. आई गेल्यावर बाबा सहा महिने कागद घेऊन मुकादमाकडे जात होते. मुकादम कंटाळला आणि म्हणाला, "तुमच्या पोरीकडे यंत्र असेल की. मी दाखवतो कसं करायचं ते." त्यानं दाखवलं. बाबांनी ते पाठ केलं, कुठलं बटण आधी आणि कुठलं नंतर.

मला त्यांनी कधीच विचारलं नाही. पोरीचा अभ्यास चाललाय, तिला कशाला मध्ये उठवा, असं त्यांचं म्हणणं. हे मला नंतर मुकादमाकडून कळलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी झोपले होते. बाबांनी माझ्या दप्तरातून यंत्र काढलं, बटण फिरवून ते अंशांवर आणलं आणि दोन जिन्यांचे आकडे केले. मग उद्या परीक्षा म्हणून त्यात नवे सेल घातले, पडदा रुमालानं पुसला, यंत्र खोळीत घातलं आणि होतं त्याच कप्प्यात होतं तसं ठेवून दिलं. मला उठल्यावर एवढंच सांगितलं, "नवे सेल घातलेत हां."

कोन मोजायच्या दोन रीती आहेत. बाबांच्या जिन्यांना अंश लागतात, कॅल्क्युलसला रेडियन. यंत्र दोन्हींपैकी एक काहीतरी धरून चालतं आणि काय धरलंय ते पडद्याच्या कोपऱ्यात तीन बारीक अक्षरांत दाखवतं. आमच्या वर्गात त्याचा एक रिवाजच होता. चाचणीच्या आधी बाई ओरडायच्या, "काय?" आणि आम्ही नऊ जणं यंत्रं वर धरून ओरडायचो, "रेडियन!" शेजारच्या वर्गातली मुलं आम्हाला वेडी समजायची. शुक्रवारी बाईंनी माझं यंत्र स्वतः बघितलं होतं. परीक्षा मात्र दुसऱ्या शाळेच्या हॉलमध्ये होती आणि तिथं बाईंना आत सोडत नव्हते. तिथं कोणी "काय?" असं विचारलं नाही.

प्रश्न टाकीचा होता. टाकीत पाणी येतंय, आधी हळू, मग जोरात, सगळ्यात जास्त म्हणजे तासाला चाळीस लिटरच्या वेगानं. तर सहा तासांत किती पाणी जमा झालं? मी मांडणी केली. मांडणी बरोबर होती. यंत्रानं सांगितलं, चार पूर्णांक एकशे एकोणनव्वद सहस्रांश.

बाई नेहमी म्हणायच्या, उत्तर आलं की त्याला वाक्यात बसवा आणि विचारा, बाबा रे, तू खरा आहेस का? मी वाक्य लिहिलं. 'सहा तासांत टाकीत ४.१८९ लिटर पाणी जमा होईल.' नीट अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. चार लिटर म्हणजे दोन मोठ्या बाटल्या. सहा तास नळ सोडून दोन बाटल्या. मला काही खटकलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं, मग पाण्याचं कुठून वाटणार?

यंत्रं बंद करा म्हणाले तेव्हा खोळीत घालताना मला कोपऱ्यातली तीन अक्षरं दिसली. मी बटण दाबून रेडियन केलं. बैल गेला आणि झोपा केला. यंत्र वापरून सोडवायच्या प्रश्नांची वेळ संपली होती आणि ते परत उघडायला परवानगी नव्हती.

बाहेर फाटकाशी बाई उभ्या होत्या. त्यांना मी सांगितलं. कसं झालं असेल तेही सांगितलं, कारण नवे सेल म्हटल्यावर मला जुळवायला वेळ लागला नाही. बाई म्हणाल्या, "अगं, मग घरी..." मी म्हटलं, "घरी नाही. बाबांना सांगायचं नाही. तुम्ही पण नाही." माझा आवाज चढला असावा, कारण बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बरं. मी आपणहून नाही सांगणार."

मंगळवारी निकाल आला. तीन.

"पाचपैकी?" बाबांनी विचारलं.

"पाचपैकी."

"म्हणजे पास."

"पास. पण तिकडे चार लागतात."

"मग?"

"मग इथल्या कॉलेजात जाईन. त्यात काय!"

बाबांनी मान हलवली. "काही अडलं होतं का?"

"नाही. मला आलं नाही, बस्."

आणि शुक्रवारी त्यांनी ती उणे फळी काढली.

शनिवारी त्यांना अर्धा दिवस असतो. दुपारी ते घरी आले, हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि टेबलावरचं यंत्र खोळीत घातलं. "चल. तुझ्या बाईंकडे जाऊन येऊ."

"कशाला? त्या नसतील. आज शनिवार."

"असतील. मी फोन केला होता."

वाटेत मी दोनदा म्हटलं की दुकानात दाखवू, तिथं जास्त कळतं. ते हो म्हणाले आणि चालत राहिले.

बाई त्यांच्या सातच्या वर्गातच बसल्या होत्या, समोर तपासायचा गठ्ठा. बाई अगदी बारीक आहेत, पण आवाज असा की मैदानावरचे कावळे उडतात. त्या दिवशी मात्र हळू बोलल्या. "या, बसा ना."

"नको, उभाच बरा." बाबांनी यंत्र टेबलावर ठेवलं. "बाई, एकच विचारायचंय. हे परीक्षेला कशावर लागतं? अंशांवर की ते दुसरं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अगदी थोडी. पण गणिताच्या बाईंना गणितातलं खोटं सांगता येत नाही.

"रेडियनवर," त्या म्हणाल्या.

"आणि अंशांवर राहिलं तर?"

"तर... काही उत्तरं चुकतात."

"किती?"

"अहो, ते पेपरवर असतं. झालं ते झालं, आता..."

"ह्या पेपरात किती?"

बाईंनी समोरचा गठ्ठा सरळ केला. बाबा म्हणाले, "बाई, मी जिने करतो. माणूस पडला तर कुठली पायरी चुकली ते बघावंच लागतं. उगाच सगळा जिना वाईट म्हणून चालत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "चार प्रश्न. तेवढे बरोबर असते तर तिला चार आला असता. बहुतेक पाच."

बाबांनी टेबलाची कड धरली. ते बसले नाहीत. मला म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"पेपर संपताना."

"म्हणजे दोन महिने."

"हो."

"आणि मला म्हणालीस, आलं नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"हां. मग आता काय गोड वाटतंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "काय होतं गणित? एखादं सांग."

मी टाकीचं सांगितलं. तासाला चाळीस लिटरपर्यंत वेग, सहा तास, उत्तर चार लिटर.

"सहा तासांत चार लिटर?" बाबा म्हणाले. "अगं, आपला न्हाणीघरातला गळका नळ त्याहून जास्त भरतो. हे तू लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचलंस लिहिताना?"

"वाचलं."

"तुला काही वाटलं नाही?"

"नाही वाटलं," मी म्हणाले. "मला काहीच वाटत नाही, बाबा. चार लिटर काय नि चारशे काय. आई गेल्यापासून मला काहीसुद्धा वाटत नाही. आत्या म्हणते ते खरं आहे."

बाई गठ्ठ्याला बांधलेल्या दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बाबा माझ्याकडे बघत होते. बऱ्याच दिवसांनी बघत होते.

"माझंही तसंच आहे," ते म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "एक कागद मिळेल का?"

बाईंनी कोरा कागद दिला. बाबा पहिल्या बाकावर बसले, गुडघे बाकात मावेनात म्हणून तिरके. खिशातली सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर कागद बाईंना दिला. बाईंच्या खांद्यावरून मी वाचलं.

'मी जिने बनवतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलीच्या यंत्राचे बटण मी माझ्या कामासाठी फिरवले. मुलीला यातले काही माहीत नव्हते. तरी कमी आलेला आकडा माझा धरावा आणि तिचा तिला द्यावा.' खाली सही.

"हे परीक्षेवाल्यांना पाठवा," बाबा म्हणाले.

"अहो, ते असलं काही घेत नाहीत," बाई म्हणाल्या. "पेपरात लिहिलं तेच धरतात. कोणी काही केलं तरी..."

"घेवोत न घेवोत. द्यायचं काम आपलं. चूक माझी आहे ती कुठंतरी लिहिलेली पाहिजे की नको? आत्ता तर ती तिच्या नावावर आहे."

बाईंनी कागद पुन्हा वाचला. "पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज चालत नाही," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"मग पेन द्या," बाबा म्हणाले.

बाईंनी दुसरा कागद दिला आणि आपलं पेन दिलं. बाबांनी पहिला कागद डाव्या हाताला ठेवला आणि त्यावरून उतरवायला सुरुवात केली. डोक्यावर पंखा होता, कागद उडत होता, म्हणून मी बाकापाशी जाऊन त्याची दोन टोकं धरली. त्यांना पेनाची सवय नाही. फळीवर लिहावं तसं दाबून लिहितात. 'मी जिने बनवतो.' मग बटणाचं वाक्य. मग ते थांबले, आणि पुढं जे लिहिलं ते पहिल्या कागदावर नव्हतं.

'आधी हे आकडे माझी बायको काढून देत असे. ती आता नाही.'

आठ महिन्यांत आमच्या घरात हे कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही 'हॉस्पिटलनंतर' म्हणायचो. 'तेव्हापासून' म्हणायचो. मी नुकतंच बाईंसमोर 'आई गेली' म्हणाले होते तेही रागाच्या भरात. बाबांनी ते शाईनं लिहिलं आणि त्यापुढं पूर्णविराम दिला.

पेन तिथंच राहिलं.

"पुढं काय होतं?" त्यांनी विचारलं.

पहिला कागद त्यांच्या हाताशीच होता. चष्माही डोळ्यांवर होता. मी म्हटलं, "'मुलीला यातले काही माहीत नव्हते.'"

त्यांनी लिहिलं.

"मग?"

"'तरी कमी आलेला आकडा...'" मी म्हणाले आणि माझा आवाज मध्येच तुटला. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच तुटला. कागदाची टोकं मी सोडली नाहीत. गालांवरून काहीतरी खाली येत होतं आणि दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे ते पुसता येईना.

बाबांनी वर बघितलं नाही.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "मी लिहितोय."